रक्ताधानजन्य फुप्फुस-इजा

रक्ताधानजन्य फुप्फुस-इजा : रक्त किंवा रक्तापासून वेगळा केलेला एखादा घटक शिरेवाटे देत असताना, किंवा तो दिल्यानंतर सहा तासांच्या आत, रुग्णास एकाएकी उद्‌भवणाऱ्या तीव्र श्वसनकष्टाच्या विकारास ही संज्ञा लावतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून वैद्यक व्यवसायात तो ‘ट्राली’ या नावाने ओळखला जातो. या विकारात हृदयाचे कार्य सुरळीत असूनही फुप्फुसांतील केशवाहिन्यांच्या भित्ती पाझरू लागतात व रक्तातील प्रथिनयुक्त द्रव वायुकोशांत साचतो. रक्तगट बरोबर जुळलेला असतो, रक्त जंतुविरहित असते आणि दाता निरोगी असतो. तरीही काही तासांतच रुग्णास कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवण्याची वेळ येते. दोष शोधण्याच्या नेहमीच्या सर्व जागा अशा रीतीने निर्दोष ठरत असल्यामुळे हा उपद्रव दीर्घकाळ अनोळखी राहिला. त्याचा शोध कसा लागला, हे समजून घेतल्यावाचून त्याचे स्वरूपही नीट कळत नाही.

मनुष्याच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सु. ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. वायुकोशातील हवा आणि केशवाहिनीतील रक्त यांच्यामधील पडदा एक मायक्रोमीटरहूनही (मीटरच्या दशलक्षांश भागाहूनही) पातळ असतो. ऑक्सिजन सहज पलीकडे जावा म्हणून ही योजना असली, तरी या पातळपणामुळेच तेथील इजा तत्काळ जाणवते. रक्ताधान सुरू झाल्यावर बहुधा पहिल्या एकदोन तासांतच रुग्णास धाप लागते, ओठ व नखे निळसर होतात, थंडी वाजून ताप येतो, नाडी जलद होते आणि पुष्कळदा रक्तदाब उतरतो. श्वासनलिकेत नळी घातलेली असल्यास तिच्यातून फेसाळ, गुलाबी द्रव येतो. क्ष-किरण चित्रात दोन्ही बाजूंना पांढुरक्या सावल्या दिसतात. रक्ततपासणीत श्वेत कोशिकांची संख्या काही काळ एकदम घटलेली आढळते. ही शेवटची खूण लहान वाटली, तरी संशोधनाची दिशा तिनेच सूचित केली. रक्तातून नाहीशा झालेल्या कोशिका कोठे गेल्या, हा प्रश्न विचारताच त्यांचे उत्तर फुप्फुसांत सापडते.

रक्ताधानातील धोक्यांविषयीची आपली समजूत प्रामुख्याने तांबड्या कोशिकांच्या अभ्यासातून घडलेली आहे. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये मानवी रक्तगट दाखवून दिले, तेव्हापासून ‘रक्त जुळणे’ याचा अर्थ दात्याच्या तांबड्या कोशिका रुग्णाच्या रक्तरसात विरघळू किंवा गुठळू नयेत, असाच घेतला जातो [→ रक्तगट]. या क्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा मोलाचा आहे. डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत एक अत्यंत विरळा रक्तगट शोधून काढला व तो ‘बाँबे’ याच नावाने जगभर प्रसिद्ध झाला. परळ येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्रातून पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था उभी राहिली. मात्र रक्तपेढीत नित्य केली जाणारी जुळणी ही तांबड्या कोशिकांची जुळणी असते. श्वेत कोशिकांवरील प्रतिजन आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे यांची तपासणी तीत होत नाही. त्यामुळे ज्या पिशवीवर ‘जुळले’ अशी नोंद आहे ती पिशवीही या विकारास कारणीभूत होऊ शकते. रक्त चढवताना रुग्ण एकाएकी अत्यवस्थ झाला की चुकीच्या गटाचे रक्त दिले गेले, असा संशय नातेवाईक घेतात. तो संशय पडताळून पाहणे अगत्याचे असते. पण पडताळणीत गट बरोबर निघाला म्हणजे रक्ताचा संबंध संपला, असा निष्कर्ष काढणे ही त्याच्या उलट बाजूची चूक होय.

इतिहास : रक्ताधानानंतर हृदयविकारावाचून फुप्फुसशोफ होऊन रुग्ण दगावल्याचे प्रारंभीचे वर्णन बर्नार्ड या अमेरिकन वैद्याने १९५१ मध्ये केले, असे मानतात. त्या काळी अशा रुग्णांचे स्पष्टीकरण अधिहर्षता (ॲलर्जी) किंवा रक्त अतिवेगाने दिले जाणे यांपैकी एका शब्दाने उरकले जाई. श्वेत कोशिकांकडे लक्ष वेधले ते ब्रिटिंगहॅम यांनी. ज्यांना वारंवार रक्त दिलेले आहे अशा रुग्णांच्या रक्तात दुसऱ्याच्या श्वेत कोशिकांच्या गुठळ्या करणारी प्रतिपिंडे तयार होतात, हे तोपर्यंत माहीत झाले होते. अशा प्रकारचे केवळ ५० मिलि. रक्त टोचल्यावर ताप, अवरक्तदाब, नीलत्व आणि दोन्ही फुप्फुसांत सावल्या उद्‌भवल्याचे त्यांनी १९५७ मध्ये नमूद केले. पन्नास मिलिलिटर म्हणजे चहाचा लहान पेला. एवढ्याशा द्रवाने अभिसरणावर बोजा पडला असे कोणी म्हणू शकत नाही. म्हणून हा प्रयोग महत्त्वाचा ठरतो.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५८ मध्ये, नेदर्लंड्समधील लायडन येथे व्हॅन रूड यांना आणि अमेरिकेत रोझ पेन यांना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. ज्यांना कधीही रक्त दिलेले नव्हते, पण ज्यांची अनेक बाळंतपणे झाली होती, अशा स्त्रियांच्या रक्तरसातही तीच प्रतिपिंडे होती. गर्भाला निम्मे प्रतिजन पित्याकडून मिळतात. गर्भारपणात व प्रसूतीच्या वेळी गर्भाच्या काही कोशिका मातेच्या रक्तात शिरतात आणि तिची प्रतिरक्षा यंत्रणा त्या परक्या प्रतिजनांची ओळख लक्षात ठेवते. ही प्रतिपिंडे मातेला त्रास देत नाहीत आणि सहसा गर्भालाही अपाय करीत नाहीत. पुढे अवयव-प्रतिरोपणाच्या दृष्टीने ज्यांना अपार महत्त्व आले त्या श्वेत-कोशिका-प्रतिजनांचे ज्ञान अशा मातांच्या रक्तरसामुळेच विस्तारले. त्या क्षेत्रातील कार्याबद्दल झां दोसे यांना १९८० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तेच रक्त पिशवीत भरून दुसऱ्याला दिले तर काय होईल, हा प्रश्न मात्र बराच काळ मागे पडला.

तो पुढे आणण्याचे श्रेय अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिक येथील मार्क पॉपॉव्हस्की व ब्रेनन मूर यांच्याकडे जाते. १९८३ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकारास त्याचे आजचे नाव दिले आणि १९८५ मध्ये ३६ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सर्वच रुग्णांना ऑक्सिजन द्यावा लागला होता व ७२ टक्के रुग्णांना कृत्रिम श्वसनाची गरज पडली होती, तथापि सु. ८० टक्के रुग्णांची फुप्फुसे चार दिवसांत पूर्ववत झाली आणि मृत्यूचे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास राहिले. बहुतेक प्रकरणांत निदान एका दात्याच्या रक्तात श्वेत कोशिकांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. दर सु. ५,००० पिशव्यांमागे एक, असे या उपद्रवाचे प्रमाण त्या रुग्णालयात निघाले. इतरत्र ते पुष्कळच कमी दिसत होते. हा फरक रक्तातला नसून पाहणाऱ्यांतला होता, असे आज म्हणता येते. जेथे शोध घेतला गेला तेथे विकार सापडला. २००२ मध्ये पॅट्रिशिया कोपको व सहकाऱ्यांनी एका मृत्यूस कारणीभूत ठरलेल्या स्त्री-दात्याचे पूर्वीचे रक्तघटक कोणाकोणाला दिले गेले याचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांतील अनेकांना श्वसनाचा त्रास झाल्याच्या नोंदी कागदपत्रांत मिळाल्या. त्यांपैकी फारच थोड्यांची वार्ता रक्तपेढीपर्यंत पोहोचली होती.

इजेची यंत्रणा : न्यूट्रोफिल नावाच्या श्वेत कोशिका जंतूंशी लढणाऱ्या असून त्यांच्यात प्रथिने विरघळविणारी एंझाइमे व तीव्र ऑक्सिडीकारक द्रव्ये निर्माण करण्याची क्षमता असते. फुप्फुसातील केशवाहिनीचा व्यास पुष्कळदा या कोशिकेच्या व्यासाहून लहान असल्यामुळे तिला अंग चोरून पुढे सरकावे लागते व तिचा बराच काळ तेथे जातो. दात्याच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे तिला चिकटली म्हणजे ती ताठर होते, भित्तीला धरून राहते आणि आपल्याजवळील शस्त्रे तेथेच मोकळी करते. केशवाहिनीचे अस्तर फाटते व द्रव वायुकोशांत शिरतो. वेर्नर झेगर व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सशाच्या शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या फुप्फुसांतून मानवी न्यूट्रोफिल, अशी प्रतिपिंडे व पूरक (काँप्लिमेंट) प्रथिने एकत्र वाहविली, तेव्हा हीच इजा हुबेहूब निर्माण झाली.

एवढ्याने सर्व उलगडा होत नाही. एकाच दात्याचे रक्त अनेकांना दिले असता एखादाच आजारी पडतो. शिवाय काही प्रकरणांत प्रतिपिंडे मुळीच आढळत नाहीत. डेन्व्हर येथील क्रिस्टोफर सिलिमन यांनी १९९० नंतरच्या दशकात यावर दोन आघातांची उपपत्ती मांडली. पहिला आघात रुग्णाच्या शरीरात आधीच झालेला असतो : जंतुसंसर्ग, मोठी शस्त्रक्रिया किंवा गंभीर दुखापत यांमुळे न्यूट्रोफिल फुप्फुसात गोळा होऊन सज्ज झालेल्या असतात. दुसरा आघात पिशवीतून येतो. तो प्रतिपिंडांचा असेल किंवा साठवणीच्या काळात रक्तात तयार होणाऱ्या मेदासारख्या द्रव्यांचाही असेल. पुढे सॅन फ्रॅन्सिस्को येथे मार्क लूनी व सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांनी या उपपत्तीस बळकटी आणली. अत्यंत निर्जंतुक पिंजऱ्यांत वाढलेले उंदीर प्रतिपिंडे टोचूनही सुरक्षित राहिले. त्यांना आधी जंतुविषाचा सूक्ष्म अंश दिल्यावर मात्र ते आजारी पडले (२००९). साठवलेल्या रक्तातील द्रव्यांचा वाटा किती, यावर अद्याप मतभेद आहेत. प्रतिपिंडांचा वाटा मात्र निर्विवाद मानला जातो.

प्रतिपिंडे रक्तद्रवात असतात. त्यामुळे ज्या घटकात रक्तद्रव अधिक, त्याचा धोका अधिक. गोठविलेला ताजा रक्तद्रव, बिंबाणू (रक्त साखळण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म कोशिका) व संपूर्ण रक्त यांत तो अधिक असतो, तर रक्तद्रव काढून घेतलेल्या तांबड्या कोशिकांत कमी असतो. दात्यांपैकी कोणाच्या रक्तात ही प्रतिपिंडे असतात, याचे उत्तर अमेरिकेत ट्रियुल्झी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीने दिले. कधीही गर्भवती न झालेल्या स्त्री-दात्यांत त्यांचे प्रमाण १.७ टक्के होते. एका गर्भारपणानंतर ते ११.२, दोहोंनंतर २२.५ आणि तिहींनंतर २७.५ टक्के असे चढत गेले.

यातून निघणारा एक निष्कर्ष आपल्याकडील भावनेला धक्का देणारा आहे. मूल आजारी पडले आणि रक्ताची गरज भासली, तर आई सर्वप्रथम हात पुढे करते. परंतु तिच्या रक्तात प्रतिपिंडे असलीच, तर ती त्या मुलाने पित्याकडून घेतलेल्या प्रतिजनांविरुद्ध तयार झालेली असण्याचा संभव सर्वांत जास्त. म्हणजे जगातील इतर कोणाहीपेक्षा तिच्या स्वतःच्या मुलाच्या, अथवा पतीच्या, फुप्फुसांवर त्यांचा मारा अचूक होऊ शकतो. आईचे रक्त मुलास व पत्नीचे रक्त पतीस दिल्यानंतर ही इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्‌मयात नमूद आहेत. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातील जिवंत लसीका-कोशिका रुग्णाच्या शरीरात रुजून त्याच्यावर हल्ला करण्याचा आणखी एक विरळा पण बहुधा प्राणघातक धोका असतो, तो निराळाच. दात्या स्त्रीला यापासून कसलाही अपाय नसतो आणि तिच्या रक्तात दोषही नसतो. तिच्या रक्तातील तांबड्या कोशिका वेगळ्या करून अनोळखी रुग्णास देता येतात. नात्यात रक्त देण्याऐवजी रक्तपेढीत ते देऊन त्याबदल्यात दुसऱ्याचे घेणे, हाच अशा वेळी विवेकाचा मार्ग ठरतो.

प्रतिबंध : कारण इतके स्पष्ट झाल्यावर उपाय सोपा होता. ब्रिटनमध्ये १९९६ पासून रक्ताधानातील गंभीर उपद्रवांची गोपनीय नोंद ठेवणारी योजना चालू आहे. तिच्या वार्षिक अहवालांतून या विकाराचे महत्त्व दिसून आल्यावर २००३ च्या अखेरीपासून तेथे रुग्णांना द्यावयाचा रक्तद्रव शक्यतो पुरुष-दात्यांचाच वापरावा, असे धोरण स्वीकारण्यात आले आणि त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने घटले. अमेरिकेत २००५ नंतरची काही वर्षे रक्ताधानाशी निगडित मृत्यूंच्या नोंदलेल्या कारणांत ही इजा पहिल्या क्रमांकावर होती. तेथील रक्तपेढ्यांनीही तेच धोरण अंगीकारले. पर्ल टॉय व सहकाऱ्यांनी दोन मोठ्या रुग्णालयांत केलेल्या अभ्यासात २००६ मध्ये दर दहा हजार पिशव्यांमागे २.५७ असलेले प्रमाण २००९ मध्ये ०.८१ वर आले. रोगजंतू नाही, लस नाही, नवे औषध नाही. केवळ कोणाचा रक्तद्रव कोणत्या कामासाठी वापरावा याचा निर्णय बदलून एखाद्या विकाराचे प्रमाण दोन-तृतीयांशांनी उतरावे, ही वैद्यकाच्या इतिहासातील विरळा घटना होय.

निदान व चिकित्सा : या विकारासाठी निर्णायक अशी एकही प्रयोगशालेय कसोटी नाही. टोराँटो येथे २००४ मध्ये भरलेल्या परिषदेने सहा तासांची मर्यादा, रक्तातील ऑक्सिजनाची विशिष्ट पातळीखालील घट, क्ष-किरण चित्रातील दोन्ही बाजूंच्या सावल्या आणि हृदयाच्या डाव्या अलिंदातील (वरच्या कप्प्यातील) दाब वाढलेला नसणे, या खुणा ठरवून दिल्या. २०१९ मध्ये त्यांची फेरमांडणी झाली व फुप्फुसाला इजा करणारे दुसरे कारण रुग्णात नसलेला आणि असे कारण असूनही रक्ताधानापूर्वी बारा तास प्रकृती स्थिर असलेला, असे दोन प्रकार करण्यात आले.

व्यवहारात खरी अडचण होते ती रक्ताधानाने अभिसरणावर पडणाऱ्या बोज्यापासून ही इजा वेगळी ओळखण्याची. दोहोंतही धाप लागते, फेस येतो आणि चित्रात सावल्या दिसतात. पाटात पाणी जास्त सोडल्यामुळे ते काठांवरून वाहणे आणि पाटाच्या बांधालाच भगदाडे पडून पाणी झिरपणे, या दोहोंत जो फरक तोच येथे आहे. बोज्याच्या प्रकारात रक्तदाब चढतो, मानेच्या शिरा फुगतात, वायुकोशांत साचलेला द्रव पातळ असतो आणि मूत्रल औषधाने आराम पडतो. इजेच्या प्रकारात रक्तदाब बहुधा उतरलेला असतो व द्रवात प्रथिने रक्तद्रवाइतकीच दाट असतात. या रुग्णास मूत्रल औषध दिल्यास आधीच कमी असलेले अभिसरण आणखी खालावते. रक्त देणे तत्काळ थांबविणे, ऑक्सिजन देणे, गरजेनुसार कृत्रिम श्वसन व रक्तदाब सावरण्यासाठी शिरेवाटे द्रव देणे, एवढीच चिकित्सा उपलब्ध आहे. स्टेरॉइड औषधांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. सुदैवाने फुप्फुस स्वतःच भरून येते. त्याला तेवढा वेळ मिळवून देणे हेच वैद्याचे काम असते.

महाराष्ट्रातील स्थिती : भारतात रक्ताधानातील उपद्रवांची देशव्यापी नोंद ठेवण्याचा कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ रोजी सुरू झाला. नोएडा येथील राष्ट्रीय जैविक संस्था त्याचा समन्वय करते. त्याच्या नोंदपत्रकात या इजेसाठी स्वतंत्र जागा आहे. नोंद ऐच्छिक असल्यामुळे पाश्चात्त्य आकड्यांशी येथील आकड्यांची तुलना करणे सध्या उचित होणार नाही.

आपल्याकडे एक गोष्ट नकळत अनुकूल ठरली असावी. येथील दात्यांत पुरुषांची संख्या फार मोठी आहे. दात्याच्या १०० मिलि. रक्तात निदान १२.५ ग्रॅम रक्तारुण (हीमोग्लोबिन) असावे असा नियम आहे, आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. ब्रिटनने विचारपूर्वक जे साधले ते येथे स्त्रियांच्या रक्तक्षयामुळे आपोआप घडत आले, असे म्हणावे लागते. अर्थात त्यात समाधान मानण्याजोगे काही नाही. स्त्रियांची प्रकृती सुधारून त्यांचे रक्तदान जसजसे वाढेल तसतशी त्यांचा रक्तद्रव कोठे वापरावा याची व्यवस्था रक्तपेढ्यांना करावी लागेल. जेथे घटक वेगळे करण्याची सोय नाही व संपूर्ण रक्तच दिले जाते, तेथे तर हा प्रश्न आजही उरतोच.

अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांच्या दृष्टीने आणखी दोन बाबी विचारात घ्याव्या लागतात. मेळघाटातील कोरकूंसह विदर्भातील अनेक समाजांत दात्र-कोशिका विकार (सिकल सेल) आढळतो [→ रक्तारुण]. या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते आणि त्यांच्या विकाराचाच एक भाग म्हणून छातीत एकाएकी तीव्र दुखणे, धाप व फुप्फुसांत सावल्या असा झटकाही येतो. रक्त दिल्यानंतर असा प्रसंग उद्‌भवल्यास तो मूळ विकाराचा की पिशवीतून आलेला, हे सांगणे अनुभवी वैद्यासही अवघड जाते. म्हणून रक्ताधानापूर्वीचे क्ष-किरण चित्र व ऑक्सिजनाची पातळी यांची नोंद अशा रुग्णांत विशेष मोलाची ठरते. दुसरी बाब वेळेची आहे. दात्र-कोशिका किंवा थॅलॅसीमिया या विकारांचे रुग्ण सकाळी रुग्णालयात येतात, रक्त घेतात आणि सायंकाळी घरी परततात. अकोल्यात मोर्णा नदीच्या पश्चिम काठावरील जुन्या शहरात राहणारा रुग्ण पूल ओलांडून अर्ध्या तासात घरी पोहोचतो. धारणी-चिखलदऱ्याकडच्या रुग्णाला घाट चढून जाण्यास कित्येक तास लागतात. पिशवी संपल्यापासूनचे सहा तास अशा वेळी घरात किंवा एस. टी. बसमध्ये जातात. रात्री धाप लागली तर दम्याचा किंवा हृदयाचा विकार समजून त्याला जवळच्या दवाखान्यात नेले जाते आणि दुपारी रक्त दिले होते, ही गोष्ट कोणी विचारत नाही व सांगतही नाही.

संशयित प्रसंगी रिकामी पिशवी फेकून न देता तिच्या नळीसह रक्तपेढीकडे परत पाठवावी लागते. तीवरील क्रमांकावरून दात्याचा शोध घेता येतो, त्याच्या रक्तरसातील प्रतिपिंडांची तपासणी विशेष प्रयोगशाळेत करता येते व त्याच दानातून तयार झालेले रक्तद्रव, बिंबाणू इ. अन्य घटक वाटपापूर्वी बाजूला काढता येतात. प्रतिपिंडे सापडल्यास त्या दात्याचा रक्तद्रव पुढे वापरला जात नाही आणि त्याला किंवा तिला तसे कळविण्यात येते. घरी जाणाऱ्या रुग्णाच्या कागदावर पिशवीचा क्रमांक, ती संपल्याची वेळ व त्यापुढील सहा तासांत धाप लागल्यास कोठे यावे, हे तीन तपशील लिहून देण्यास कोणतेही उपकरण लागत नाही.